उडते किडे टिपणारे पक्षी घटत आहेत काय?

नांगरामागे झेपावणारा दुभंगल्या शेपटीचा कोतवाल, तारेवरून उडून किडा पकडून पुन्हा तारेवर येणारा वेडा राघू आणि दिवसभर हवेतच फिरणारी पाकोळी आपल्या ओळखीची आहेत. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात काय किंवा जत-आटपाडीच्या माळावर काय, हे पक्षी आजही दिसतात. म्हणूनच त्यांची घट चटकन ध्यानात येत नाही. दरसाल दोन-चार पक्षी कमी झाले तर डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी अनेक वर्षांची मोजणी लागते.

उत्तर अमेरिकेत अशी मोजणी झाली आहे. 1970 पासूनच्या नोंदी तपासून 2019 साली असे आढळले की, हवेत किडे पकडणारे पक्षी तेथे सुमारे 32 टक्क्यांनी घटले. आपल्या देशात पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून 2023 मध्ये अहवाल निघाला. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी 204 जाती घटल्या आहेत. फळे व मकरंद खाणाऱ्यांची स्थिती त्यामानाने बरी, कीटकभक्षींची वाईट. दसऱ्याला आवर्जून पाहिला जाणारा नीलपंखही घटणाऱ्यांत आहे. तो बहुधा जमिनीवरचे किडे उचलतो, पण बसतो मात्र याच तारांवर.

मुख्य संशय खाद्यावर जातो. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत 1989 ते 2016 या काळात सापळ्यात येणाऱ्या उडत्या कीटकांचे वजन 75 टक्क्यांहून अधिक घटले. हॉलंडमधील 2014 च्या अभ्यासात, जेथील पाण्यात इमिडाक्लोप्रिडचा अंश जास्त होता तेथे कीटकभक्षी पक्षी अधिक वेगाने घटलेले दिसले. हे औषध आपल्या द्राक्षबागांना व उसाला नवे नाही.

पक्षी एकटे हुमणी आटोक्यात आणतील, असे मात्र समजू नये. हुमणीचे भुंगेरे अंधार पडताना बाहेर येतात, तेव्हा बहुतेक पक्षी झाडावर परतलेले असतात. शिवाय वेडा राघू मधमाश्याही खातो. मधपेट्या ठेवणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. परंतु नाकतोडे, पतंग व माश्या टिपण्याचे काम हे पक्षी विनामोबदला करतात.

हरभऱ्यात एकरी 20 पक्षीथांबे उभारावेत. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी करू नये. वेडा राघू ओढ्याच्या उभ्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, म्हणून फेब्रुवारी ते जून दरड तासू नये. बांधावरची बाभूळ राखावी. दर महिन्याला एका ठरलेल्या सकाळी, त्याच बांधावरून तासभर चालून तिन्ही पक्षी मोजावेत व आकडा फवारणीच्या वहीतच, तारखेसमोर लिहावा.