पूर दारात, हंडा रिकामा

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली आणि शहराला पाणी पुरवणारी शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी ही उपसा केंद्रं बुडाली. मोटारी पाण्याखाली, नळ कोरडे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच पाणी चढल्याने बाहेरून टँकर आणायचीही पंचाईत झाली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. पाणी उपसायची विहीर, म्हणजे जॅकवेल, नदीकाठीच असणार, त्यामुळे पुरात आधी बंद पडतो तो नळ. तरीही जूनच्या तयारीत मेणबत्त्या असतात, पॉवर बँक असते, किराणा असतो. पाण्याचं कुणी नाव काढत नाही.

शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका मावशींनी मात्र नाव काढलं होतं. 2019 ला पाणी गल्लीत शिरायच्या आधीच त्यांनी घरातली भांडी, कळश्या, एक मोठं पिंप, सगळं भरून ठेवलं. तेही साधं नळाचं नाही, आरओ मशीनचं. घरात नातवंडं. ज्याला तहान लागेल तो पिंपावरची ताटली सरकवायचा आणि पेला बुडवायचा. थोड्याच दिवसांत पाण्याला वास यायला लागला, धाकट्याला जुलाब सुरू झाले. खाली होडी, वर सलाइन कुठून आणायचं? ओआरएसच्या पुड्यांवर कसंबसं निभावलं.

मावशींची मेहनत कमी पडली नव्हती. गोम आरओमध्येच होती. नळाच्या पाण्यात महापालिका क्लोरीन सोडते आणि त्यातला थोडा शिल्लक राहावा अशीच योजना असते, म्हणजे वाटेत किंवा भांड्यात जंतू शिरले तरी ते मरावेत. आरओ मशीनमधला कार्बन फिल्टर हाच क्लोरीन काढून टाकतो. लगेच प्यायला ते पाणी चांगलं, पण साठवलं की त्याला राखणदार उरत नाही. त्यात रोज दहा हात बुडाले तर काय होणार? म्हणून अडीअडचणीसाठी भरायचं ते नळाचं क्लोरीनवालं पाणीच भरावं. आरओ कंपन्यांच्या जाहिराती पाहून आपण हे साफ विसरलो आहोत.

भांडंही तितकंच महत्त्वाचं. अरुंद तोंडाचे, घट्ट झाकणाचे, शक्यतो तोटी असलेले कॅन घ्यावेत. पिंपच असेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं आणि पोरांना पेला बुडवू देऊ नये. रंगाच्या रिकाम्या बादल्या आपल्याकडे सर्रास पाण्याला वापरतात. आंघोळीला ठीक, प्यायला अजिबात नको. फिनेल, ॲसिड, कीटकनाशकाचे डबे तर दारातही नकोत. भरलेले कॅन रॉकेल-पेट्रोलजवळ ठेवू नयेत, कारण प्लॅस्टिकमधून वाफ आत झिरपते. उन्हातही नकोत. घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदलावं.

किती भरायचं? प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे 48 लिटर होतात. पण कोल्हापूर-सांगलीचा अनुभव पाहता तीन दिवस म्हणजे फारच आशावाद. आठवडाभराचे 112 लिटर ही खरी गरज. एवढी जागा फ्लॅटमध्ये नसते, हे मान्य. मग गीझर आठवावा. साठवणीच्या गीझरमध्ये 15 किंवा 25 लिटर पाणी असतं. वीज बंद करून, आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह वेळीच बंद केला तर ते उपयोगी पडतं. ते काढायचं कसं, हे प्लंबरकडून उन्हाळ्यातच बघून ठेवावं.

मावशींच्या इमारतीत आणखी एक घोळ झाला. पाणी ओसरतंय म्हटल्यावर कुणीतरी जनरेटर आणून मोटार चालू केली. जमिनीखालच्या टाकीत पुराचं आणि गटाराचं पाणी शिरलं होतं, ते सरळ गच्चीवरच्या टाकीत गेलं. तोवर वरचं पाणी चांगलं होतं. पूर अंगणात येताना दिसला की वरची टाकी भरून घ्यावी आणि मोटारीच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकावी. हे काम सेक्रेटरीवर सोपवून विसरू नये.

साठा संपला आणि गढूळ पाण्यावरच वेळ आली, तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा. तुरटी जंतू मारत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वरचं निवळ पाणी चौपदरी फडक्यातून गाळावं, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. किती लिटरला एक, ते पाकिटावर वाचावं. गढूळ पाण्यात थेट गोळी टाकली तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. गॅस असेल तर उकळणं उत्तम, आणि त्यासाठी वीस मिनिटं सिलिंडर जाळायची गरज नाही. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे.

साठवलेल्या पाण्याचा एक शत्रू पूर ओसरल्यावर येतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, उघड्या पाण्यात अंडी घालतो आणि ती भांड्याच्या कडेला चिकटून सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. आठवड्यातून एकदा उघडी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायला सांगतात तो त्यासाठीच. नुसतं ओतून भागत नाही, कडा काथ्याने घासाव्या लागतात.

पुराचं पाणी शिरलेली टाकी धुवायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, पण दमट हवेत उघडी पडली की तो उडून जातो. गेल्या वर्षीची अर्धी पिशवी कामाची नाही. नळ परत सुरू झाल्यावर पहिलं पाणी वाहू द्यावं आणि आरोग्य कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट करून घ्यावी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, कॅन भरायला हरकत नाही. रंग बदललाच नाही, तर तक्रार नोंदवावी आणि पातेलं गॅसवर चढवावं.