जिमनॅस्टिक्सचा पर्सनल क्लास: कधी लावावा, कधी नाही

मुलगी वर्षभर बॅचला जाते, बरोबरीच्या मुलींचं कार्टव्हील सरळ पडतं, हिचं अजून वाकडंच. मग नेरुळ-खारघरच्या घरांत 'पर्सनल लावू या का?' सुरू होतं. आधी हिशेब मांडा. समजा, बॅचची फी महिना 3,000 रुपये आणि तास 12. म्हणजे तास 250 ला पडला. पर्सनलचे तासाला 1,000 धरले, तर आठवड्याला एक तास लावूनही महिन्याचे 4,000 वाढले. आकडे उदाहरणापुरते, तुमच्या क्लासचे घालून पाहा. रिक्षाभाडं वेगळं.

दहा मुलांच्या बॅचमध्ये सरांची तासातली सहाच मिनिटं एकेकाच्या वाट्याला येतात. त्यामुळे एखादी कसरत अडली असेल, बॅक हँडस्प्रिंगची भीती बसली असेल किंवा स्पर्धेचं रूटीन बसवायचं असेल, तर तीन-चार तास जरूर घ्या. त्यात नेमकं काय साधायचं, ते सरांशी आधीच ठरवा. स्प्लिट बसत नाही म्हणून मात्र पर्सनल लावू नका. लवचिकपणा आणि ताकद रोजच्या सरावाने येते, ती बॅचमध्येही येते. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी अर्धाच तास मागा, नाहीतर दोन मैत्रिणींनी मिळून एक तास घ्या.

शरीराचाही हिशेब आहेच. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. आठ वर्षांच्या मुलाला आठ तास, पर्सनल धरून. मनगट किंवा पाठ दुखत असेल तर जादा तास नको, डॉक्टर गाठा.

मूल खरंच स्पर्धेत उतरणार असेल, तर तोच पैसा चांगल्या क्लबच्या प्रवासावर घालावा, असं मला ठामपणे वाटतं. 2023 च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत प्रणती नायकसोबत सर्वोत्तम महिला खेळाडू ठरलेली संयुक्ता काळे ठाण्याची, रिदमिक जिमनॅस्टिक्सची. आणि वाशीहून ठाण्याला थेट लोकल आहे. चांगले सर मिळाले, की टिकून राहा: दीपा कर्माकर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये चौथी आली, ती वर्षानुवर्षं बिश्वेश्वर नंदी यांच्याकडे शिकत होती.

सोसायटीच्या लॉनवर किंवा गच्चीवर पर्सनल नको. जाड मॅट आणि साधनं असलेल्या हॉलमध्येच घ्या. कसरत शिकवताना मुलाला हाताने आधार द्यावा लागतो, म्हणून तिथे दुसरं मोठं माणूस हजर असायलाच हवं. पालकांना बसू न देणारा क्लास लावू नका. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागितले, तर चुकलेला तास भरून मिळेल का, ते पावतीवर लिहून घ्या.