पैसा देणाऱ्याची अपेक्षा आणि व्हिडिओ गेमची घडण

मुलांच्या हाती आज व्हिडिओ गेम सर्रास दिसतो. परंतु तो घडवण्याचा खर्च कोण सोसतो आणि त्याची किंमत खेळाच्या रूपाला कशी द्यावी लागते, याचा विचार आपल्या पालकवर्गात क्वचितच होतो. म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

या व्यवसायातील रूढ रीत अशी: प्रकाशक कंपनी निर्मात्यांना आगाऊ रक्कम देते, पण हप्त्याहप्त्याने. ठरलेला टप्पा तिने मान्य केला, तरच पुढचा हप्ता मिळतो. विक्रीतून आधी ही रक्कम वळती होते, निर्मात्यांचे मानधन त्यानंतर. साहजिकच, मंजुरी देणाऱ्याची आवडनिवड खेळात उतरते. यात निव्वळ जाच आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. मुदतीचा धाक नसता तर कित्येक खेळ अपुरेच राहिले असते.

प्रकाशकाला वगळले तर? अमेरिकेतील ‘डबल फाइन’ या संस्थेचे टिम शेफर यांनी २०१२ मध्ये ‘किकस्टार्टर’वरून थेट रसिकांकडे ४ लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाखांवर डॉलर दिले. रक्कम वाढली, तशी खेळाची व्याप्तीही वाढली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात द्यावयाचा खेळ लांबत गेला आणि २०१३ मध्ये पैसे अपुरे पडत असल्याचे शेफर यांना कळवावे लागले. अखेर ‘ब्रोकन एज’चे दोन भाग केले गेले: पहिला जानेवारी २०१४ मध्ये विकावयाचा, त्या उत्पन्नातून दुसरा पुरा करावयाचा. तो एप्रिल २०१५ मध्ये आला. मधल्या काळात टीका पुष्कळ झाली. प्रकाशक हप्ता रोखू शकतो. या हजारोंच्या हाती तसे काहीच नव्हते. नफ्यात वाटा नव्हता, होती ती केवळ अपेक्षा. आणि तिचे ओझे, आमच्या मते, हप्त्याच्या धाकाहून हलके नव्हते.

पुढे ‘सायकोनॉट्स २’साठी याच संस्थेने ‘फिग’वरून पैसा उभारला, तेथे इच्छुकांना परताव्यात वाटाही घेता येत असे. तरीही खर्चाच्या ओढाताणीत खेळातील काही मोठ्या लढती वगळाव्या लागल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने संस्था विकत घेतली, तेव्हा त्या लढती पुन्हा घालता आल्या, आणि २०२१ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला.