चाकाचा तुंबा

बैलगाडीच्या लाकडी चाकाच्या मधोमध जाड, गोल ठोकळा असतो. त्याला तुंबा म्हणतात. सारे आरे त्यातच बसतात. तुंबा गेला की चाक गेले.

आपल्या नांदेड-लातूरकडे आता टायरच्या गाड्या आल्या. आमच्या घरी लाकडी चाकांची गाडी होती. एका सुगीला आम्ही घाई केली. ओल्या बाभळीचा तुंबा कातून घेतला. ज्वारीची पोती भरली नि वाटेतच तुंबा चिरला. गाडी कलंडली. बैलाचा पाय दुखावला. सुताराला बोल कसा लावावा? घाई आमचीच होती!

लाकूड का चिरते? ओल्या लाकडात पाणी असते. ते निघाले की लाकूड आकसते. खोडाच्या कापावर गोल वळी दिसतात. वळ्यांच्या अंगाने लाकूड जास्त आकसते, सालीकडून गाभ्याकडे सुमारे निम्मेच. ही ओढाताण जाड ओंडक्याला सोसत नाही. मग चीर पडते.

यावर उपाय आहे.

१. ओंडक्याची टोके आधी वाळतात. त्यांना लगेच मेण किंवा जाड रंग लावा.

२. लेथवर आधी ओबडधोबड काता. दोन बोटे जाडी जास्त ठेवा. भोक पाडून गाभा काढा. त्याने ओढ कमी होते.

३. मग सावलीत महिनोन्महिने वाळवा. अधूनमधून वजन करा. वजन उतरायचे थांबले की शेवटचा हात फिरवा.

चिरलेला ठोकळा मात्र लेथवर चढवू नका. फिरताना फुटून अंगावर येतो.

आज पेरून उद्या कणीस मागतो का आपण? लाकडालाही वेळ द्यावा.

प्रश्न : टोकांना मेण का लावावे?