शाश्वत शहराची पदवी आणि काट्याच्या पावत्या

निकाल लागले की ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी नाहीतर भाचा मला फोन करतो. नागरी शाश्वततेत मास्टर्स झालं, आता पुढे काय? मी हीच पदवी घेऊन आधी एका नगरपरिषदेत काम केलं, आता एका सल्लागार संस्थेत आहे. त्यांना फोनवर सांगते तेच इथे लिहिते.

१. सरकारी नोकरी डोक्यात असेल, तर पात्रतेची अट आधी वाचा. सहायक नगररचनाकाराच्या जागा एमपीएससी भरते. तिथे स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगरनियोजन अशा पदव्या मागतात. भूगोल किंवा समाजशास्त्रात बी.ए. आणि त्यावर शाश्वततेची मास्टर्स, एवढ्यावर अर्जच टिकत नाही, मग विकास आराखडा तुम्हाला कितीही कळो. जाहिरातीतल्या ‘समकक्ष’ या शब्दाच्या भरवशावर राहू नका. शिकवायचं असेल आणि नेट परीक्षा द्यायची असेल, तर आपली पदवी कोणत्या विषयात धरतात तेही आधीच विचारून घ्या.

२. पाणी, कचरा, वाहतूक, ऊर्जा यांतलं एक धरा आणि त्यात हात बसवा. शहराकडे समग्र दृष्टीने पाहायला वर्गात शिकवतात आणि ते बरोबरच आहे, पण समग्रतेची वर्क ऑर्डर निघत नाही. सोबत क्यूजीआयएस शिका. ते फुकट आहे.

३. आकडा जिथे जन्मतो तिथे जाऊन बसा. मी सगळ्यात जास्त शिकले ती कचरा डेपोच्या गेटवरच्या खोलीत. वजनकाट्याच्या पावत्या तारेत ओवून भिंतीला टांगलेल्या होत्या. मी वरचा, जुलैचा गठ्ठा काढायला लागले तर मुकादम म्हणाले, “मॅडम, पावसाळ्यातलं नका धरू. कचरा भिजला की काटा चढतो. आणि ठेकेदाराचं बिल टनावर.” मग त्यांनीच एप्रिल-मेच्या पावत्या काढून दिल्या. त्यातही काही तारखांना ओला कचरा एकदम वाढलेला. लग्नाच्या तिथी! मंगल कार्यालयांच्या पंगती थेट काट्यावर उतरल्या होत्या. दरडोई इतके ग्रॅम गुणिले लोकसंख्या असं करून बायोगॅस प्रकल्पाची क्षमता ठरवली, तर प्रकल्प लग्नसराईत तुंबतो आणि एरवी उपाशी राहतो.

पाण्याचंही तेच. माणशी रोज १३५ लिटर हे केंद्राच्या मॅन्युअलमधलं प्रमाण प्रत्येक प्रकल्प अहवालात (डीपीआरमध्ये) असतं. पण जिथे दिवसाआड पाणी येतं तिथे बायका पिंपं, कळशा, पातेली सगळं भरून ठेवतात आणि नव्या पाण्याची वेळ झाली की उरलेलं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततात. हे पाणी कोणत्या रकान्यात लिहायचं? रोज पाणी दिलं तर वापर घटेल की वाढेल, याचं उत्तर त्या मोरीपाशी उभं राहिल्याशिवाय मिळत नाही.

४. टिपणी लिहायला शिका. आपला सगळा अभ्यासक्रम इंग्रजीत आणि नगरपरिषदेची फाइल मराठीत. पन्नास स्लाइडचं सादरीकरण मुख्याधिकारी पाच मिनिटं पाहतात आणि विचारतात, खर्च कुठल्या लेखाशीर्षातून? याचं उत्तर टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदात हवं. ते नसेल तर फाइल लेखा विभागात जाऊन बसते आणि तुम्ही तिच्यामागे फिरत राहता.

५. योजनेवरची नोकरी योजनेबरोबर संपते. स्मार्ट सिटी मिशन जून २०१५ मध्ये सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ ला गुंडाळलं. आमच्यासारख्या कितीतरी जणांची पहिली नोकरी असल्याच योजनांच्या कक्षांतली, कंत्राटी. शिकायला जागा उत्तम. पगाराचं मात्र निधी आला तर आला. एका कार्यालयात आमची अख्खी दिवाळी उसनवारीवर गेली होती, आणि तेव्हा आम्ही इतरांसाठी शाश्वततेचे निर्देशांक भरत होतो.

६. खासगी क्षेत्राला नाकं मुरडू नका. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून आपल्या मुलांना तिथे बऱ्यापैकी मागणी आहे. आयजीबीसी, ग्रिहा यांच्या हरित इमारत मानांकनाचं कामही मिळतं. शहर मात्र यातून निसटतं. दिवसभर कुठल्या तरी कारखान्याची वीजबिलं आणि डिझेलच्या नोंदी जुळवायच्या. मला ते जमलं नसतं. घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर बिनदिक्कत घ्या.

७. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. २०५० पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट ठेवणारा हा आराखडा करताना महापालिकेसोबत डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था आणि सी४० हे शहरांचं जाळं होतं. असं काम करायचं असेल तर संस्थांकडे वळा. पुण्यात वाहतुकीवर ‘परिसर’ आहे, कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था आहे.

८. परदेशी जायचंय? ब्रुसेल्स, व्हिएन्ना, कोपनहेगन आणि माद्रिद अशा चार शहरांत शिकवणारा इरॅस्मस मुंडसचा ‘४सिटीज’ अभ्यासक्रम आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. रॉटरडॅमची आयएचएस ही संस्थाही जुनी आणि नावाजलेली. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. शिकून युरोपातच राहायचा बेत असेल तर एक ध्यानात ठेवा: पालिकेचं काम तिथल्या लोकांच्या भाषेत चालतं. डच किंवा जर्मन शिकल्याशिवाय त्या टेबलाशी खुर्ची मिळत नाही.

९. पीएचडीबद्दल पालक फार घाबरतात. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे आमच्या कंत्राटी पगारांपेक्षा वाईट नाही. विषय मात्र आपल्या मातीतला घ्या. सांगली-कोल्हापुरात २०१९ ला पूर आला, २०२१ ला पुन्हा आला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेल्या असतात, आणि त्यांच्या आत माणसं राहतात, दुकानं चालवतात, बँकेकडून घरासाठी कर्ज काढतात. त्यांना उठवायचं की नाही, उठवलं तर कुठे न्यायचं, रेषा बदलली तर आधी दिलेल्या बांधकाम परवानग्यांचं काय, हे आम्हाला बैठकीत दरवेळी विचारतात. कुणी यावर काम करत असेल तर प्रबंध पूर्ण व्हायची वाट पाहू नका, पहिलं प्रकरण झालं की पाठवा.