आपल्या गावचा पडदा

आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एक प्रश्न अवश्य विचारा : जत्रेच्या तंबूत सिनेमा पाहिला होता काय? महाराष्ट्रातील जत्रांतून मालमोटारीवर प्रोजेक्टर लादून असे तंबू गावोगाव फिरत असत. प्रेक्षक जमिनीवर बसत. कापडी पडद्यातून प्रकाश पार जाई, म्हणून काही ठिकाणी मंडळी पडद्याच्या पाठीमागेही बसत. त्यांना चित्र दिसे, परंतु अक्षरे मात्र उलटी! या फिरत्या सिनेमावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान येथील महोत्सवात दाखविला गेला, तेव्हा रिळांचे ते युग मावळत आले होते.

आता चित्रपट खिशात आला आहे. एकाच घरात चौघेजण चार भ्रमणध्वनींवर चार निरनिराळे चित्रपट पाहतात. यात सोय आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु विनोदी प्रसंगाला शंभर माणसे एकदम हसतात तो आनंद, आणि नंतर घरी जाताना वाटेवर रंगणारा वाद, हे त्यात कोठून येणार? म्हणूनच गावाने मिळून चालविलेल्या चित्रपटगृहाचा, म्हणजेच सामूहिक सिनेमाचा, विचार करावासा वाटतो.

ही कल्पना नवी नव्हे. सत्यजित राय व त्यांच्या मित्रांनी 1947 साली कलकत्त्यात चित्रपट मंडळ काढले. मुंबईत 1968 साली ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. ही झाली शहरांची गोष्ट. मला अधिक मोलाचे वाटते ते केरळातील उदाहरण. दिग्दर्शक जॉन अब्राहम व त्यांचे सहकारी यांनी 1984 साली ‘ओडेसा’ नावाचा गट उभारला. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ ते गावोगाव दाखवीत व लोकांकडून लहान लहान वर्गणी गोळा करीत. त्या पैशांतून 1986 साली ‘अम्मा अरियन’ हा चित्रपट निघाला. तेथे प्रेक्षक नुसता तिकीट काढणारा राहिला नाही, तो चित्रपटाचा धनीच झाला.

बोरगावला याची गरज काय, असे कोणी विचारील. 1956 पूर्वी आपल्या भागाची राजधानी नागपूर होती. पुढे ती भोपाळ झाली. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा आपला व्यवहार आहे. माझी मातृभाषा कोंकणी. तिच्यातला पहिला चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ 1950 साली आला. आपली घरची भाषा मोठ्या पडद्यावर ऐकताना मन कसे भरून येते, ते मी अनुभवाने जाणते. येथील मुलांनाही ते सुख मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आता व्यवहाराकडे वळू. चित्रपट दुसऱ्याच्या मालकीचा असतो, हे प्रथम ध्यानात ठेवावे. आपल्या कॉपीराइट कायद्यात शाळेसाठी एक सवलत आहे : शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित मंडळी एवढ्यांपुरताच चित्रपट दाखविता येतो. साऱ्या गावाला बोलवावयाचे असेल, तर हक्कधारकाची संमती व शासनाचे नियम पाहावे लागतात. चित्रपटावरील हक्क तो प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ 1953 सालचा. त्या चित्रपटावरील हक्क 2013 अखेर संपला. तथापि प्रत रीतसर मार्गानेच मिळवावी.

यंत्रसामग्री फारशी लागत नाही. वर्गातील 3000 लुमेनचा प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत 10 फूट रुंदीच्या पडद्याला पुरतो. पडदा एकसंध पांढऱ्या कापडाचा हवा. मध्ये शिवण आली की नायिकेच्या गालावर ओरखडा उमटतो. पहिली रांग पडद्यापासून 15 फुटांवर असावी, आणि चित्राची खालची कड बसलेल्यांच्या डोक्यांहून वर. ध्वनिवर्धक पडद्याजवळ ठेवावेत. हे मला ठेच लागून कळले. गेल्या वर्षी वर्गात मी ते प्रोजेक्टरशेजारी, अगदी मागे ठेवले होते. पुढे बसलेल्या एका आजीबाई दर संवादाला मान वळवून पाहात होत्या, अखेरीस त्यांनी विचारलेच, “बाई, मागून कोण बोलतंय?”

खरी कसोटी निवडीची आहे. चित्रपट शिक्षकांनीच ठरविला तर मुले कंटाळतील, आणि मुलांनीच ठरविला तर आजोबा उठून जातील. यासाठी दोन विद्यार्थी, दोन माता, एक वृद्ध गृहस्थ व एक शिक्षक अशी समिती असावी. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या पालकांची सोय पाहून वार ठरवावा. चित्रपट संपताच दिवे लावून अर्धा तास सर्वांना बोलू द्यावे, आणि त्यात पहिली संधी सर्वांत लहान मुलाला द्यावी.

सध्या सभागृहाच्या तीन खिडक्यांतून उजेड येतो. त्यांना जाड काळे पडदे शिवून देण्याची ज्या पालकांची तयारी असेल, त्यांनी आपल्या पाल्याच्या वर्गशिक्षकांस कळवावे. मापे फळ्यावर लिहून ठेवली आहेत.