घाटाचा उतार आणि मालमोटारीचे हवेचे ब्रेक

लासलगाव-पिंपळगावचा कांदा कसारा घाट उतरून मुंबईकडे जातो. जुन्नरकडील भाजीपाला माळशेज घाटाने कल्याणास पोहोचतो. मालाबरोबर पुष्कळदा शेतकरीही चालकाच्या शेजारी बसून प्रवास करतो. गाडी त्याची नसली तरी तीत भरलेला माल त्याचा आणि जीवही त्याचाच असतो. म्हणून मालमोटारीचे ब्रेक कसे चालतात व ते केव्हा दगा देतात, याची माहिती चालकाइतकीच शेतकरी बंधूंनाही असणे इष्ट आहे.

जड मालमोटारीत ब्रेक लावण्याचे काम दाबलेली हवा करते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर ही हवा टाक्यांत भरून ठेवतो. चालकाने पायब्रेक दाबला की हवा नळ्यांतून चाकांजवळच्या डब्यांत शिरते, तेथील दांडा पुढे सरकतो आणि ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमवर आवळले जातात. पाय उचलला की वापरलेली हवा फुसकन बाहेर पडते, ती टाकीत परत जात नाही. प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना साठ्यातील काही हवा खर्च होते आणि ती भरून काढणारा कॉम्प्रेसर इंजिन चालू असेल तरच चालतो, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची, क्वचित इंजिनही बंद करण्याची खोड काही चालकांना असते. न्यूट्रल केल्याने इंजिनाचा अटकाव सुटतो व सारा भार ब्रेकवर पडतो. इंजिन बंद केल्यास त्यात हवेचा पुरवठाही थांबतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले असावे, असे प्राथमिक तपासात पुढे आले होते. ‘ब्रेक निकामी झाले’ असे ज्या अपघातांविषयी म्हटले जाते, त्यांपैकी कित्येकांत ब्रेक आपण होऊन निकामी झालेले नसतात, चालविण्याच्या पद्धतीमुळे ते निकामी केले गेलेले असतात.

संकट दोन प्रकारचे असते आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रकार हवा उतरण्याचा. गेजवरील काटा एरवी सुमारे ७ ते ८ किलोवर असतो. तो बराच खाली आला की दिवा लागतो व भोंगा वाजतो. हा इशारा मिळताच ‘पुढच्या गावी पाहू’ असे न म्हणता, टाकीत हवा शिल्लक आहे तोच गाडी डाव्या बाजूस सुरक्षित जागी उभी करावी. बहुतेक जड गाड्यांच्या मागील चाकांवर दणकट स्प्रिंगचे ब्रेक असतात. हवा असेतो ती स्प्रिंग दबून राहते, हवा गेली की उसळून चाके आवळते. योजना चांगली आहे, पण स्प्रिंग केव्हा आवळेल हे चालकाच्या हाती राहत नाही. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर चाके अचानक जखडली तर गाडी आडवी होण्याची भीती असते.

दुसरा प्रकार उष्णतेचा. तो अधिक फसवा आहे, कारण त्यात काटा भरलेला दिसतो, भोंगा वाजत नाही आणि तरीही ब्रेक लागत नाही. दोन आसांच्या मालमोटारीचे मालासह वजन २०१८ च्या नियमाप्रमाणे १८.५ टनांपर्यंत असू शकते. अशी गाडी केवळ ब्रेकच्या बळावर ३०० मीटर उंची उतरली, तर जी उष्णता निर्माण होते तिने दीडशे लिटर पाण्यास उकळी येईल! ही सारी उष्णता ड्रम व लायनर यांच्यात कोंडते. ड्रम तापून फुगतो व लायनरपासून दूर जातो. दांड्याची धाव संपते, परंतु पकड बसत नाही. जळका वास किंवा चाकांतून धूर आला की हे संकट उंबरठ्यावर आले असे समजावे. नियमापेक्षा जास्त गोणी लादल्यास ते लवकर येते. भाड्यात बचत व्हावी म्हणून ‘आणखी वीस गोण्या टाका’ असा आग्रह पुष्कळदा मालाच्या धन्याचाच असतो.

उपाय घाटाच्या माथ्यावरच सुरू होतो. तेथे गाडी थांबवून हवा पूर्ण भरू द्यावी. सपाट जागी चाकांना ठोकळे लावून इंजिन बंद करावे व पायब्रेक दाबून धरावा. दाबताच काटा थोडा उतरतो, तो स्थिर झाल्यावर मिनिटभरात पाव किलोहून अधिक घसरला तर गळती आहे असे मानून पुढे जाऊ नये. टाक्यांतील पाणी रोज काढावे, पावसाळ्यात तर अवश्य. चढताना जो गियर लागेल, त्याच गियरमध्ये उतरण्यास प्रारंभ करावा. वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे दाबून तो सात-आठ किलोमीटरने कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. पायब्रेक सारखा हलका दाबून ठेवल्यास ड्रम तापतो, भराभर दाबत-सोडत राहिल्यास हवा संपते.

इतके करूनही गाडी आवरेनाशी झाली तर गियर काढू नये व क्लच दाबू नये. वाढलेल्या वेगात खालचा गियर बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते. एक्झॉस्ट ब्रेक असल्यास तो लावावा. हातब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा ओढावा, मात्र तापलेल्या ड्रमवर त्याचाही उपयोग बेताचाच होतो. हॉर्न व दिवे चालू ठेवून चढाची वाट, मऊ माती किंवा मोकळे शेत शोधावे. यांपैकी काहीच न मिळाल्यास दरीची बाजू टाळून डोंगराच्या बाजूस गाडी घासत न्यावी. माल व पत्रा गेला तरी चालेल. शेजारी बसलेल्याने उडी मारू नये, पट्टा बांधून बसून राहावे व चालकाचा हात धरू नये.

गाडी थांबल्यावर प्रथम चाकांना मोठे दगड लावावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याने ड्रम तडकतो. हवा नसल्याने जखडलेली मागील चाके मोकळी करण्याच्या घाईत कोणी चाकाजवळचा डबा खोलू लागल्यास त्यास थांबवावे. आतील दाबलेली स्प्रिंग सुटल्यास माणूस ठार होऊ शकतो. ते काम मिस्त्रीनेच करावयाचे असते. तो येईपर्यंत नाशवंत माल दुसऱ्या गाडीत हलवावयाचा असेल, तर रस्त्याच्या बाजूने न उतरविता कडेच्या बाजूने उतरवावा आणि मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवून एक माणूस उभा करावा.